जेलीफिशचा डंख: नुसती आग की जिवाला धोका?

भरतीओहोटी: जेलीफिश डसली तर काय करायचं, याची चार ठिकाणी चार उत्तरं मिळाली. कुणी व्हिनेगर ओता म्हणतं, कुणी अजिबात नको. कुणी बर्फ, कुणी गरम पाणी. लघवीचा उपाय तर जो तो सांगतो. माणूस खरंच दगावू शकतो का? आणि वाळूवर मरून पडलेल्या जेलीफिशला हात लावला तर चालतो का?

खारा_वारा: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. तिच्या तंतूंवर हजारो सूक्ष्म कुप्या असतात, प्रत्येकीत वेटोळं घातलेली विषारी नळी. त्वचेचा स्पर्श झाला की कुपी फुटते आणि नळी आत घुसते. याला जेलीफिशचा मेंदू लागत नाही (तिला तो नसतोच) आणि ती जिवंत असण्याचीही गरज नाही. तुटून पाण्यात तरंगणारा तंतूही डसतो.

दगावण्याबद्दल: बहुतेक जातींच्या डंखाने आग, लाल वळ आणि थोडी सूज येते, एवढंच. मून जेलीफिशचा डंख पुष्कळांना कळतही नाही. दुसऱ्या टोकाला कायरोनेक्स फ्लेकेरी ही बॉक्स जेलीफिश, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उथळ पाण्यातली. घंटेच्या (म्हणजे घंटेसारख्या दिसणाऱ्या धडाच्या) चारही कोपऱ्यांना प्रत्येकी १५ पर्यंत तंतू, पूर्ण ताणले की ३ मीटर. तिचं विष पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं, तांबड्या पेशींतलं पोटॅशियम रक्तात सांडतं आणि हृदय बंद पडू शकतं, तेही काही मिनिटांत. एकूण किती लांबीचे तंतू अंगाला चिकटले यावर विषाची मात्रा ठरते. म्हणूनच तेवढाच डंख लहान मुलाला जास्त घातक.

इरुकांजी या चिमुकल्या बॉक्स जेलीफिशचा प्रकार फसवा. त्यातल्या कॅरुकिया बार्नेसी या जातीची घंटा जेमतेम १ सेंटीमीटर, डंख किरकोळ, आणि माणूस पुन्हा पोहायला जातो. साधारण अर्ध्या तासाने पाठ-कंबर असह्य दुखते, पोटऱ्यांत पेटके, उलट्या, घाम, वाढलेला रक्तदाब आणि ‘आता आपण जगत नाही’ अशी भीती. हा त्रास त्या चिमुकल्या प्राण्यानेच होतो हे जॅक बार्नेस या डॉक्टरने १९६१ साली स्वतःला आणि आपल्या ९ वर्षांच्या मुलाला डंख करवून दाखवलं. तिघेही (तिसरा एक जीवरक्षक) रुग्णालयात पोचले.

प्रथमोपचारी: आता क्रम. डसलेल्याला आधी पाण्याबाहेर काढा, कारण खरी भीती बुडण्याची असते. श्वास किंवा शुद्ध नसेल तर बाकी सगळं सोडून छातीवर दाब: ३० दाब, २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० चा वेग. व्हिनेगर दुसऱ्याने ओतावं.

शुद्धीत असेल तर डंखाच्या जागेवर साधं, ४ ते ६ टक्क्यांचं व्हिनेगर निदान ३० सेकंद ओता. मग चिकटलेले तंतू चिमट्याने उचला, पुसू किंवा खरवडू नका. व्हिनेगरने वेदना कमी होत नाही, हे लोकांना कळत नाही आणि मग ‘काही फरक पडला नाही’ म्हणून वाळू चोळायला घेतात. व्हिनेगर फक्त न फुटलेल्या कुप्या निकामी करतं. गोडं पाणी, वाळू, टॉवेलने पुसणं, घट्ट पट्टी: या सगळ्यांनी उरलेल्या कुप्या फुटू शकतात. लघवीचा काही उपयोग नाही.

निळी_बाटली: वरच्या उत्तरात एक महत्त्वाची भर हवी. व्हिनेगर बॉक्स जेलीफिशसाठी. ब्लूबॉटल, म्हणजे निळा फुगा पाण्यावर तरंगत ठेवणारी (ती खरी जेलीफिश नव्हे, अनेक जीवांची वसाहत), असेल तर ऑस्ट्रेलियातलं प्रथमोपचार मार्गदर्शन व्हिनेगर नको म्हणतं. तिथे तंतू उचलायचे, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं आणि लगेच गरम पाणी. उष्ण कटिबंधात जात ओळखू आली नाही तर मात्र बॉक्स जेलीफिश समजूनच वागायचं. आग परवडली, हृदय बंद पडलेलं परवडत नाही.

गरम पाणी ४५ अंश सेल्सियस, २० मिनिटं. डसलेल्याला स्वतःला अंदाज येत नाही आणि भाजतं, म्हणून तापमान दुसऱ्याने आपल्या हातावर आधी बघावं. गरम पाणी मिळालं नाही तर कोरडा थंड पॅक, कापडात गुंडाळून. बर्फ वितळून त्याचं पाणी जखमेवर जाऊ देऊ नका.

भरतीओहोटी: व्हिनेगर नसेल तर लिंबू किंवा कोला चालेल का? आणि दवाखान्यात कधी न्यायचं?

प्रथमोपचारी: दोन्ही भरवशाचे नाहीत. व्हिनेगर नसेल तर समुद्राचं पाणी. डंख मोठा, किंवा चेहऱ्यावर-डोळ्यात, छातीत दुखणं, धाप, सतत उलट्या, चेहरा सुजणं: थेट रुग्णवाहिका. कायरोनेक्सवर मेंढीच्या रक्तापासून केलेलं प्रतिविष आहे, पण ते पोचेपर्यंत दाब देणारे हातच कामाला येतात. उष्ण कटिबंधातल्या पाण्यात डसलेल्याला, बरं वाटत असलं तरी, तासभर एकटं सोडू नका, आणि पुन्हा पाण्यात तर नाहीच.

खारा_वारा: एक राहिलं. डंख बरा झाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी त्याच जागी खाज आणि पुरळ परत येऊ शकतं. ती विषाला उशिरा आलेली ॲलर्जी, नवा डंख नव्हे. बहुतेकदा १ टक्क्याचं हायड्रोकॉर्टिसोन मलम पुरतं. पू किंवा ताप दिसला तर मात्र डॉक्टर.