गणपती पेठेतली ती खाणावळ आठवते का कुणाला?

हळदीवाला: वडील हळदीच्या सौद्याला सांगलीत आले की दुपारी तिथंच न्यायचे. पितळी ताट, ज्वारीची भाकरी, झणझणीत आमटी. दही मागितलं तर मालक आधी वाटी मोजायचा, मग वाढायचा! कधी बंद पडली?

कृष्णाकाठ: २०१९च्या पुरात. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ, तिच्यावर दरफलक जसाच्या तसा.

भडंगप्रेमी: पुराला उगाच बोल लावू नका. त्याआधीच पोरगं पुण्याला गेलेलं, भाकऱ्या थापणाऱ्या मावशी थकलेल्या. आता तिथं मोबाइलचं दुकान.

हळदीवाला: मावशी! हातात काचेच्या दोनच बांगड्या, भाकरी थापताना वाजायच्या. भूक लागली की मी त्याच मोजत बसायचो.