रिसॉर्टजवळच्या तीन किनाऱ्यांपैकी पोहायला कुठला निवडावा?

सहा_दिवसांची_सुट्टी

समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये सहा दिवस राहायचं आहे. सोबत ६ आणि ११ वर्षांची मुलं. मोठ्यांना तलावात पोहता येतं, समुद्राची सवय कुणालाच नाही. नकाशावर चालत जाण्याजोगे तीन किनारे दिसतात. पहिला रिसॉर्टच्या समोरच, पण त्याच्या डाव्या टोकाला खाडीचं मुख आहे. दुसरा छोटा, दोन्ही बाजूंना कातळ, पाणी शांत, थोड्या होड्या नांगरलेल्या. तिसरा लांबलचक, उघडा, लाटांचा. फोटोत तिन्हीकडचं पाणी निळंशार, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. पाणी स्वच्छ आहे का आणि पोहणं सुरक्षित आहे का, हे कसं ओळखायचं?

निळाई

स्वच्छतेपुरतं लिहिते. नितळ म्हणजे स्वच्छ हे आधी डोक्यातून काढा. सांडपाण्यातले जंतू दिसत नाहीत, आणि गढूळपणा बऱ्याचदा नुसत्या ढवळलेल्या वाळूचा असतो. चाचणीचा अहवाल मागा. त्यात एंटेरोकोकाय आणि ई. कोलाय हे आतड्यांतले जंतू मोजलेले असतात. खाऱ्या पाण्यात एंटेरोकोकाय जास्त वेळ तग धरतात, म्हणून त्यांचा आकडा आधी बघा. ब्लू फ्लॅग या, स्वच्छ किनाऱ्यांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानांकनाची मर्यादा १०० मिलिलिटरमागे एंटेरोकोकाय १०० आणि ई. कोलाय २५० अशी आहे.

आकड्याइतकीच नमुन्याची तारीख महत्त्वाची. प्रयोगशाळेत जंतू वाढवून मोजायला एक-दोन दिवस जातात, आणि ब्लू फ्लॅग किनाऱ्यावरही दोन नमुन्यांत महिनाभराचं अंतर असू शकतं. म्हणजे फलकावरचा आकडा आजचा कधीच नसतो. मधे जोरदार पाऊस झाला असेल तर तो आकडा विसरा. रस्ते, गटारं, गोठे सगळं धुऊन खाडीत आणि तिथून किनाऱ्यावर येतं. जोरदार पावसानंतर दोन ते तीन दिवस पाण्यात उतरू नका, आणि खाडीच्या मुखाजवळ तर नकोच.

जागेवर गेलात की ओहोटीच्या वेळी किनारा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. भरतीत झाकलेले पाइप तेव्हाच उघडे पडतात. कोरड्या दिवशीही वाळूवरून एखादा बारीक ओहळ वाहत असेल, त्याच्या कडेनं हिरवं बुळबुळीत शेवाळ धरलेलं असेल आणि वाळू उकरल्यावर खाली काळी, कुजकट वासाची निघत असेल, तर ती जागा सोडा. त्या ओहळात मुलांना बांध घालू देऊ नका. लहान मुलं नेमकी तिथेच खेळतात, कारण पाणी उथळ आणि कोमट असतं. ओल्या वाळूतही जंतू टिकतात, तेव्हा खाण्याआधी हात धुवायलाच हवेत.

ओढ_ओळखा

मी पाण्याच्या ओढीबद्दल सांगतो, कारण समुद्राची सवय नसलेली माणसं शांत दिसणाऱ्या जागेतच फसतात. लाटा फुटून किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं. ते वाळूच्या दांड्यांमधल्या फटीतून, नाहीतर कातळ किंवा धक्क्याच्या कडेनं, अरुंद पट्ट्यात वेगानं आत जातं. हाच रिप करंट. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे लाटा न फुटणारी गडद वाट दिसली, तिच्यात फेस आणि शेवाळाचे तुकडे समुद्राकडे सरकताना दिसले, की तिथे उतरू नका.

उंचावरून किमान पंधरा मिनिटं बघत उभे राहा. मोठ्या लाटा टोळीनं येतात, मधे समुद्र निजल्यासारखा वाटतो, म्हणून दोन मिनिटांत मत बनवू नका. मग गुडघाभर पाण्यात काटकी टाका आणि मिनिट मोजा. ती ३० मीटर गेली तर ओढ सेकंदाला अर्धा मीटर झाली, आणि साधारण पोहणारा तिच्याविरुद्ध फार वेळ टिकत नाही. जोरदार रिप याच्या चौपट वेगानंही वाहते.

कुणी सापडलंच तर: ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. किनाऱ्याच्या दिशेनं झगडून दम घालवू नका. उताणं तरंगा, हात वर करून मदत मागा, आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या.

सहा_दिवसांची_सुट्टी

म्हणजे मुलांसाठी दुसरा, कातळांमधला किनाराच बरा ना? तिथे लाटाच नाहीत.

भरतीवेळ

लाटांच्या दृष्टीनं हो, पण तीन गोष्टी तपासा. जिथे लाट येत नाही तिथलं पाणी लवकर बदलतही नाही. होड्यांतलं सांडपाणी आणि तेल तिथेच रेंगाळतं. होड्यांजवळ पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला तर परत फिरा. भरती चढून गेलेली, पाणी नुकतंच पालटलेलं, ती वेळ अशा जागी बरी.

दुसरं, भरती एकसारखी चढत नाही. सहा तासांत चढणाऱ्या एकूण पाण्याचे बारा भाग धरले तर दर तासाला साधारण १, २, ३, ३, २, १ असं पाणी वाढतं. भरती-ओहोटीच्या पातळीतला फरक ३ मीटरचा असेल तर पहिल्या तासात २५ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५. मुलं पुढच्या वाळूच्या उंचवट्यावर खेळत असतात आणि मागची सखल वाट आधी भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे आणखी झपाट्यानं होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा फरक कमी.

तिसरं, वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर पाणी आरशासारखं सपाट दिसतं आणि हवेच्या गाद्या, फुगे सरळ आत जातात. जीवरक्षकांनी केशरी वातकोन (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) लावला असेल तर त्याचा अर्थ हाच. अशा गाद्या समुद्रात नेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओढ_ओळखा

यात भर. तिसऱ्या किनाऱ्यावर जीवरक्षक असतील तर तोही बाद करू नका. वर लाल, खाली पिवळा पट्टा असलेले दोन झेंडे दिसले की त्यांच्यामधेच पोहायचं. एक लाल म्हणजे धोका मोठा, दोन लाल म्हणजे पाणी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डंख मारणारे प्राणी. काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा लाटांवरच्या फळ्यांसाठी (सर्फबोर्ड), तिथे पोहू नये. झेंडाच नसेल तर त्याचा अर्थ ‘सुरक्षित’ असा होत नाही.

वाळू जाडीभरडी आणि उतार तीव्र असेल तर लाट थेट काठावर आपटते, माणूस डोक्यावर पडून मान दुखावते. तिथे मुलांना पाठ समुद्राकडे करून उभं राहू देऊ नका.

रिसॉर्टला आधीच विचारा: समुद्रावर जीवरक्षक किती ते किती असतो? तलावावरचा माणूस यात धरू नका. आणि पाण्यात मोठ्या माणसानं मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, लाटेकडे तोंड करून, हाताच्या अंतरावर उभं राहायचं, फोन काठावर ठेवून.