रस्त्यांच्या जाळ्यावरून शहराचा लोगो: नकाशातले किती ठेवावे?

प्रश्न

एका शहराच्या लोगोचे काम सध्या हाती आहे. शहराची आखणी काटकोनातली आहे. अपवाद फक्त एका जुन्या रस्त्याचा, जो आखणीच्या आधीपासून असल्यामुळे चौकटी तिरक्या कापत जातो. नकाशा जसाच्या तसा व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही लहान-मोठ्या करता येणाऱ्या रेषाचित्रात, उतरवून पाहिला. मोठ्या आकारात तो देखणा दिसतो, पण लहान केल्यावर नुसती जाळी उरते आणि ती कोणत्याही शहराची वाटू शकते. प्रमाणे नकाशाबरहुकूम ठेवावीत की मोडावीत, आणि मोडायची झाल्यास कुठवर?

प्रतिसाद १

प्रमाणे मोडावीच लागतील. बार्सिलोनाचे उदाहरण घ्या. इल्देफोन्स सेर्दा यांच्या १८५९ च्या आराखड्यातून उभ्या राहिलेल्या भागात एका चौकटीची बाजू साधारण ११३ मीटर आणि नेहमीचा रस्ता २० मीटर रुंद आहे. अशा तीन चौकटी आणि त्यांमधले दोन रस्ते ब्राउझरच्या टॅबवरच्या १६ पिक्सेलांत बसवले, तर रस्त्याच्या वाट्याला पुरता एक पिक्सेलही येत नाही आणि तो करडा, पुसट होऊन जातो. चौकट ४ आणि रस्ता २ पिक्सेल धरला की १६ चा हिशेब चोख जुळतो. नकाशाच्या दृष्टीने हा रस्ता अवास्तव रुंद आहे, पण लोगो पाहून कोणी पत्ता शोधत नाही. शिवाय त्या भागाची खरी ओळख चौकटींच्या छाटलेल्या कोपऱ्यांत आहे. ते राखले तर चार चौकटीही पुरतात, गाळले तर चाळीस काढूनही उपयोग नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. आपल्या बाबतीत छाटलेल्या कोपऱ्यांची जागा त्या तिरक्या रस्त्याने घेतली आहे. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनची १८११ ची आखणी कितीही शिस्तीची असली, तरी चित्रात ती ओळखू येते ती बरीचशी तिला तिरके छेदणाऱ्या ब्रॉडवे या रस्त्यामुळे. ती आखणी खऱ्या उत्तरेपासून सुमारे २९ अंश वळलेली आहे, पण चित्रात ती सर्रास सरळ उभी केली जाते आणि कोणाचे काही अडत नाही. म्हणून दिशा खुशाल बदला; जाळी आणि तिरका रस्ता यांच्यातला कोन मात्र शक्यतो मूळचाच राहू द्या. सोयीसाठी ती रेषा ४५ अंशांवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नेलीत, तर रस्त्याऐवजी मनाईची खूण दिसू लागेल.

प्रतिसाद ३

एक गोष्ट अजून कोणी काढली नाही. काळ्या चौकटी आणि पांढरे रस्ते अशी रचना केली, की छेदांवर करडे ठिपके असल्याचा भास होतो आणि नेमके तिकडे पाहिले की ते नाहीसे होतात. याला हर्मन जाळी म्हणतात; १८७० पासून हा दृष्टिभ्रम नोंदलेला आहे. रेषा किंचित नागमोडी केल्या की तो ओसरतो, पण सरळ आखणीच्या शहराला ते शोभणार नाही. त्यापेक्षा चौकटींचा रंग गडद काळ्यावरून मध्यम छटेवर आणून चौकटी आणि रस्ते यांच्या रंगांतला फरक कमी करावा आणि छेदांची संख्या मोजकी ठेवावी. आणखी एक व्यवहाराची बाब: नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरून घेतला असेल, तर त्या माहितीपासून केलेल्या चित्रासोबत श्रेयनिर्देश द्यावा लागतो, आणि लोगोसोबत तो सगळीकडे छापणे कोणत्याच ग्राहकाला परवडत नाही. सध्याचा गिरवलेला मसुदा बाजूला ठेवून आकृती कोऱ्या पानावर नव्याने रचलेली बरी.