मॅट टाकण्याआधी खालचं कार्पेट बघा

डिचोलीच्या मित्रांनी विचारलंय, जिम्नीच्या (मारुती सुझुकीची छोटी 4x4 गाडी) डिकीत मूळ कार्पेटवरच रबरी मॅट टाकली तर चालेल का. चालेल, पण गोव्यात पावसाळ्यात ती सतत अंथरून ठेवू नका. मॅटमधून पाणी खाली जात नाही, तसंच खालची ओलही वर येत नाही. कार्पेट दमट राहतं, कुबट वास सुटतो आणि पुढे पत्र्याच्या जोडाला गंज धरतो. किनाऱ्यावरून पायाला लागून आलेली वाळू खारट असते, ती हवेतली ओल धरून ठेवते. म्हणून आधी कार्पेट काढून व्हॅक्यूम करा, उन्हात कडकडीत वाळवा, मगच मॅट घाला.

मॅट शक्यतो टीपीईची (रबरासारखं लवचीक प्लास्टिक) घ्या, आणि कडा उभ्या असलेली. सत्तरी तालुक्यातला तांबडा चिखल सपाट मॅटवरून थेट बाजूच्या फटीत उतरतो, तिथून काढणं महाकठीण. गुंडाळून आलेली मॅट तासभर उन्हात पसरली की सुरकुत्या जातात. जागेवरच कापायची असेल तर आधी वर्तमानपत्राचा साचा करा. सामान बांधायचे हूक आणि सीटची कडी उघडीच राहिली पाहिजे. कडी नीट बसली नाही तर ब्रेक मारल्यावर सीटची पाठ पुढे येऊ शकते, इथे अजिबात हयगय नको.

जिम्नीची डिकी सीट उभ्या असताना जेमतेम 208 लिटर, त्यामुळे सामानासाठी मागच्या सीटची पाठ पाडणं होतंच. म्हणून मॅट दोन तुकड्यांचीच बरी, एक डिकीत आणि एक पाडलेल्या पाठीवर. डिंकाने मात्र चिकटवू नका, वेल्क्रो पुरे. जूनपासून दर आठवड्याला उचलून खाली हात फिरवून बघा.