कॉन्स्टंटाइन पाचव्याला खलनायक ठरवणं कितपत न्याय्य?

मोडीवाचक

इ.स. ७३० मध्ये बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, सम्राट लिओ तिसऱ्याने येशू, मरियम आणि संतांच्या पवित्र चित्रांविरुद्ध (त्यांना आयकॉन म्हणतात) उघड भूमिका घेतली. तिथला पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू, जर्मानोस याने मान तुकवली नाही, त्याला पद सोडावं लागलं. पुढे ७८७ ते ८१५ एवढा खंड सोडला तर हा झगडा ८४३ पर्यंत चालला. त्यात सगळ्यात जास्त शिव्याशाप लिओच्या मुलाच्या, कॉन्स्टंटाइन पाचव्याच्या, वाट्याला आले. बाप्तिस्म्याच्या कुंडातच त्याने घाण केली अशी गोष्ट विरोधकांनी पसरवली, त्यावरून घाणेरडं टोपणनाव पाडलं, आणि आजही कित्येक पुस्तकांत तो त्याच नावाने भेटतो.

माझं म्हणणं असं की हा माणूस अडाणी तोडफोड्या नव्हता. त्याचा युक्तिवाद ऐका. ख्रिस्त एकाच वेळी पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, ही दोन्ही पक्षांना मान्य असलेली शिकवण. मग चित्रकार नेमकं कोणाला रंगवतो? नुसता माणूस रंगवला, तर एका ख्रिस्ताचे दोन तुकडे केले. देवही रंगवलाय म्हणाल, तर जो कशातच मावत नाही त्याला रेषेत कोंबलं. म्हणून ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, ख्रिस्तप्रसादाची भाकर आणि द्राक्षारस, कारण ती त्याने स्वतः दिली. ७५४ साली हिएरियाच्या राजवाड्यात भरलेल्या परिषदेत ३३८ बिशपांनी हे मान्य केलं. चित्रं हटवण्याच्या निमित्ताने कोणी चर्चमधली भांडीकुंडी, वस्त्रं लुटू नयेत, असंही त्याच परिषदेने बजावलं. धर्मवेड्या जमावाचं वागणं असं असतं का?

हा ठराव आज वाचायला मिळतो तो कसा? चित्रांना पुन्हा मान्यता देणाऱ्या ७८७ च्या परिषदेत तो परिच्छेदागणिक खोडून काढण्यासाठी मोठ्याने वाचला गेला आणि इतिवृत्तात उतरला, म्हणून. बाकीचं बहुतेक लेखन विजेत्यांनी नष्ट केलं. एकाच पक्षाचे कागद हातात असताना निकाल देणं मला पटत नाही.

कऱ्हाकाठ

मोडीवाचकजी, मांडणी आवडली, निष्कर्ष अजिबात नाही.

३३८ हा आकडा भारदस्त वाटतो, पण त्या सभेत एकही पॅट्रिआर्क नव्हता. रोमचा पोप नाही, अलेक्झांड्रिया, अँटिओक, जेरुसलेम यांपैकी कोणी नाही, आणि कॉन्स्टँटिनोपलची गादी तर तेव्हा रिकामीच होती. नवा पॅट्रिआर्क कोण, हे सम्राटाने सभा संपताना जाहीर केलं. सम्राटाच्या वाड्यात, सम्राटाच्या मर्जीने बसलेल्या लोकांचं एकमत मला फारसं वजनदार वाटत नाही.

आता युक्तिवादाकडे येऊ. त्याला उत्तर परिषदेच्या आधीच मिळालं होतं, आणि तेही सम्राटाचा हात पोचत नव्हता अशा मुलखातून. दमास्कसचा योहान खलिफाच्या राज्यात राहत होता. त्याचं म्हणणं, अदृश्य देवाचं चित्र काढता येत नाही हे खरं, पण तोच देव देह धारण करून माणसांत वावरला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा पाहिलेल्याचं चित्र का निघू नये? मी लाकडाची, रंगाची आराधना करत नाही, माझ्यासाठी देह घेणाऱ्याची करतो. आणि चित्र म्हणजे ख्रिस्ताचा एखादा अर्धा भाग नव्हे. आरशात माणूस दिसतो तेव्हा त्याचा आत्मा वगळून देह दिसला असं आपण म्हणतो का? हिएरियाच्या परिषदेने योहानाला नाव घेऊन शाप दिला, यावरूनच त्याचं म्हणणं किती झोंबलं होतं ते कळतं.

राहता राहिला एकाच पक्षाच्या कागदांचा मुद्दा. कागद बाजूला ठेवा, भिंती पाहा. थेस्सालोनिकीच्या हागिया सोफिया चर्चमध्ये वेदीमागच्या अर्धघुमटात मरियम बसलेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना सोनेरी मोझेकमध्ये आधीच्या क्रूसाच्या आडव्या हातांच्या खुणा आजही दिसतात. कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियातल्या पॅट्रिआर्कच्या दालनात संतांचे चेहरे उकरून क्रूस बसवले, आणि खालची नावंही एकेक खडा काढून पुसली. नाव पुसण्यापर्यंत गेलेल्या माणसांना मी तरी संयमी म्हणणार नाही.

सह्यकडा

दोघांचंही वाचलं. तुम्ही दोघं धर्मशास्त्रात अडकलात, मला यात भीती जास्त दिसते.

काळ बघा. ७१७-७१८ मध्ये अरब फौजा वर्षभर राजधानीला वेढा घालून बसल्या होत्या. ७२६ मध्ये थेरा बेटाजवळ समुद्रातून ज्वालामुखी उसळला, आणि लिओने तो देवाचा कोप मानला असं बखरकार थिओफानीस लिहितो. ७४७ मध्ये राजधानीत प्लेगने माणसं इतकी मेली की पुरायला जागा पुरेना. देव आपल्यावर का रागावला, हा प्रश्न त्या समाजाला खाऊन टाकत होता. मग सम्राट रणांगणावर जिंकला की त्याची उपासनापद्धत खरी ठरायची, हरला की खोटी. चित्रं ७८७ मध्ये परत आणली. ८११ मध्ये बल्गारांनी सम्राट निकेफोरोसला मारलं, ८१३ मध्ये पुन्हा दारुण पराभव झाला. लगेच ८१५ मध्ये लिओ पाचव्याने बंदी परत आणली. ८१३ च्या त्या संकटात काही माजी सैनिक पवित्र प्रेषितांच्या चर्चमध्ये घुसले आणि कॉन्स्टंटाइन पाचव्याच्या थडग्यावर पडून म्हणाले, ऊठ आणि बुडणारं राज्य वाचव. मरून ३८ वर्षं झालेल्या राजाला! त्या लोकांच्या मनात ख्रिस्ताच्या दोन स्वरूपांचा वाद नव्हता.

मोडीवाचक

सह्यकडा, थडग्याचा प्रसंग माझ्याच बाजूचा आहे. तो थिओफानीसनेच, म्हणजे कट्टर विरोधकाने, नोंदवलाय. ज्याला तो राक्षस ठरवतो त्या राजावर सैनिकांचं इतकं प्रेम होतं. दुष्काळात राजधानीचं पाणी आटलं तेव्हा जवळजवळ दीड शतक बंद पडलेला जलवाहिनीचा मार्ग याच राजाने दुरुस्त करून घेतला, हेही त्याच बखरीत आहे.

कऱ्हाकाठ, योहानाचं तत्त्वज्ञान उंच आहे, पण रस्त्यावर काय चाललं होतं? सम्राट मायकल दुसऱ्याने ८२४ मध्ये फ्रँकांचा राजा लुई याला पत्र लिहिलं. त्यात तक्रार आहे की लोक आयकॉनलाच मुलांचे धर्मपिता (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारा) करतात, आणि काही धर्मगुरू चित्रांचा रंग खरवडून द्राक्षारसात मिसळतात. याला आळा घालावा असं वाटणं गैर कसं?

कऱ्हाकाठ

इथे मात्र तुमचीच कसोटी तुम्हाला लावते. विरोधकाची बखर संशयास्पद, मग परक्या राजाला आपली बाजू पटवणाऱ्या सम्राटाचं पत्र खरं कसं?

मोडीवाचक

कारण आयकॉन धर्मपिता होण्याची साक्ष चित्रांच्या सर्वांत निष्ठावान पाठीराख्याकडून मिळते. स्टुडिओस मठाचा थिओडोर एका दरबारी अधिकाऱ्याला लिहितो की तू संत दिमित्रिओसच्या चित्राला मुलाचा धर्मपिता केलंस, हे फार उत्तम केलंस. तक्रार आणि कौतुक एकाच गोष्टीचं आहे.

कऱ्हाकाठ

ठीक, चाल होती हे मान्य. पण त्यात मला अधःपात दिसत नाही. मुलगा दिमित्रिओसच्या ओटीत घालावा असं त्या बापाला वाटलं, आणि संत आता देहाने येत नाही म्हणून त्याचं चित्र आणलं. चित्राला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो, हीच तर ७८७ च्या परिषदेची शिकवण. वंदन चित्राला, आराधना फक्त देवाला. साध्या माणसाला हा भेद कळत नाही असं गृहीत धरून वरून बंदी लादायची, यालाच माझा विरोध आहे.

त्या काळात रंगवलेलं एक स्तोत्रपुस्तक मॉस्कोत आहे, ख्लुदोव्ह स्तोत्रसंहिता. 'तहान लागली तेव्हा मला आंब दिली' या ओळीशेजारी क्रूसावरचा येशू आहे आणि एक माणूस काठीला स्पंज लावून त्याच्या तोंडाशी नेतोय. त्याच्या खालीच पिंजारलेल्या केसांचा दुसरा माणूस तसाच काठीचा स्पंज घेऊन येशूच्या गोल चित्रावर चुना फासतोय, पायाशी चुन्याचं भांडं. चित्रकाराचं म्हणणं स्पष्ट आहे. चित्रावर हात टाकणं आणि देहावर हात टाकणं त्याच्या लेखी एकच. त्याच्यावर काय गुदरलं असेल हे मला त्या स्पंजावरून कळतं.

आणि सम्राट थिओफिलोसने पॅलेस्टाइनहून आलेल्या थिओडोर आणि थिओफानीस या भावांच्या (वर आलेले मठवासी आणि बखरकार वेगळे) चेहऱ्यावर त्यांची निंदा करणाऱ्या ओळी गोंदवल्या, त्याचं समर्थन कराल?

मोडीवाचक

नाही करणार. ७६५ च्या सुमारास चित्रांची बाजू घेणाऱ्या 'धाकटा स्टीफन' या साधूला रस्त्यातून फरफटत मारलं, त्याचंही नाही. पण ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराने चित्रं परत आणताना आपल्या नवऱ्यावर, त्याच थिओफिलोसवर, शाप येऊ दिला नाही. उलट कॉन्स्टंटाइन पाचव्याचं थडगं तिच्या मुलाने उघडून हाडं जाळली. ज्याने चेहरे गोंदवले त्याला माफी, आणि ज्याने तर्क मांडला त्याची राख. तुमच्या पक्षाला जास्त भीती कशाची वाटत होती?

कऱ्हाकाठ

राजघराण्याने आपल्या माणसाला वाचवलं, एवढंच ते. हाडं जाळली ती मायकल तिसऱ्याने, परिषदेने नव्हे. परिषदेने तुमच्या कॉन्स्टंटाइनचा तर्क जाळला नाही, तो शब्दशः वाचून त्याला उत्तर दिलं. म्हणूनच आज आपण दोघं त्यावर भांडू शकतोय.