डेलेरिया की सेनेसिओ? नावांचा हा खेळ पुरे!

जुनं_खोड:
पंधरा वर्षं ज्या वेलाला सेनेसिओ मिकॅनिऑइडिस म्हणून वाढवलं, तो आता म्हणे डेलेरिया ओडोराटा. वेल तोच, आयव्हीसारखी पानं तीच, पिवळे झुबके तेच. रिकामटेकडे लोक नावं बदलतात. हे नवीन नाव मी लावणार नाही, विषय संपला.

रानवाट:
लिहिणार नव्हते, पण "नवीन" वाचून राहवलं नाही. डेलेरिया हे नाव लमेर या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1844 साली दिलं. तुमचं लाडकं मिकॅनिऑइडिस 1845चं. आता नवं कोण? शिवाय वेल सेनेसिओ गटात टाकला की ओडोराटा वापरताच येत नाही, कारण सेनेसिओ ओडोराटस ही ऑस्ट्रेलियातली वनस्पती ते नाव आधीच अडवून बसलीय. म्हणून मिकॅनिऑइडिस, म्हणजे "मिकॅनियासारखा", हे दुसऱ्याच वेलावरून उसनं घेतलेलं नाव चालवायचं. स्वतःचं नाव असताना!

जुनं_खोड:
शेवंतीचं काय मग? क्रिसॅन्थेममची डेंड्रान्थेमा केली, आम्ही मुकाट पाट्या रंगवल्या, आणि 1999 साली पुन्हा क्रिसॅन्थेमम! त्या पाट्या आहेत अजून माझ्याकडे. पाठवू?

चौकस:
काकांशी सहमत. सेनेसिओ ही हजारावर प्रजातींची गोधडी आहे, त्यात एक ठिगळ जास्त झालं तर बिघडलं कुठे? एकट्या वेलासाठी वेगळी चूल कशाला?

शब्दनिष्ठ:
हजारावर जाती! प्रजाती म्हणजे जीनस, मोठा गट; जाती म्हणजे स्पीशीज, त्या गटातली एकेक वनस्पती. मराठी विश्वकोश उघडा. हिंदीतली प्रजाति उचलून आणायची आणि वर वर्गीकरणावर बोलायचं.

चौकस:
वर्तमानपत्रं रोज तेच छापतात, तिकडे जाऊन भांडा. लोक बोलतात ती भाषा.

शब्दनिष्ठ:
मी परीक्षेत "जाती" लिहिलं म्हणून तपासणाऱ्याने गुण कापले होते. बरोबर उत्तराचे! तेव्हापासून एकालाही सोडत नाही.

चौकस:
अच्छा, म्हणजे त्या गुणांची वसुली आमच्याकडून चाललीय.

शब्दनिष्ठ:
वसुली नाही, शिस्त. तुम्हाला दोन्ही सारखंच वाटत असेल तर वेगळ्या चुलीची तक्रार कुठल्या तोंडाने करता? चूल म्हणजे प्रजातीच ना?

रानवाट:
वेलाकडे या हो कुणीतरी. काल भिंगाखाली स्तबक, म्हणजे बारीक फुलांचा एक गुच्छ, धरला. किरणपुष्पक, म्हणजे कडेचं पाकळीसारखं फूल, एकही नाही, नुसती मधली बिंबपुष्पकं. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन छोटी पानं.

चौकस:
किरणपुष्पकं नसलेले सेनेसिओही असतात. सेनेसिओ व्हल्गॅरिस बघा.

रानवाट:
मान्य, तेवढ्यावरून निकाल लागत नाही. पण डीएनएच्या अभ्यासातही हा खऱ्या सेनेसिओंच्या घोळक्यात बसला नाही, त्याला काय करणार? आणि नावाने फरक पडतो. मी "जर्मन आयव्ही" म्हणून एक रोप आणलं, वर्षाने "केप आयव्ही" म्हणून दुसरं. दोन्ही हाच वेल! जर्मन नाही, आयव्हीही नाही, मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर हा तण म्हणून उपटतात. तणांच्या यादीत एक नाव आणि कुंडीवर दुसरं असेल तर विकणाऱ्याला रान मोकळं.

जुनं_खोड:
तणाचं आधी सांगायचं ना, बाई. माझा कुंपणाबाहेर गेलाय. तुटलेला तुकडाही मुळं धरतो. ठीक आहे, पाटीवर डेलेरिया लिहितो. पेन्सिलीने. शेवंतीने शहाणं केलंय.

शब्दनिष्ठ:
लिहा. एकच जाती असलेली प्रजाती, हेही लिहा.

चौकस:
प्रजाती, प्रजाती, प्रजाती.