जुन्या पंपाची जागा एका डॉलरला मिळतेय, पण माती तपासायला पैसे कुठून आणू?

मेथीची_जुडी (मध्य न्यू जर्सी)
नमस्कार मंडळी. आमच्या गावात लायब्ररीमागे जेमतेम पाव एकर जागा आहे. आधी पेट्रोल पंप, मग टायर-ब्रेकचं दुकान, गेली अकरा वर्षं नुसतं कुलूप. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. आमचा बागेचा गट आहे, रीतसर नोंदलेली ना-नफा संस्था, निम्मी घरं मराठी शाळेतली. बाई म्हणाल्या, "एका डॉलरला घ्या, भाजी लावा, मला फक्त टोमॅटो द्या." आम्ही हरखलो. शुक्रवारी सह्या आहेत.

परवा शेजारणीबरोबर मापं घ्यायला गेले. काँक्रीटमध्ये दोन गोल लोखंडी झाकणं, गंजून घट्ट बसलेली. मागच्या भिंतीला धरून दोन बारीक पाइप छपरापर्यंत गेलेले, वर टोप्या. कुंपणाकडे वीतभर खणलं तर माती काळी, आणि रॉकेलसारखा वास. हातमोजे तिथेच टाकले, तरी गाडीत दोन दिवस वास होता.

संस्थेच्या खात्यात २,१०० डॉलर. एका कन्सल्टंटने नुसत्या कागदी तपासणीचे ३,४०० सांगितले. सरकार यासाठी पैसे देतं म्हणतात, खरं का?

उंच_वाफा
एवढा घोळ कशाला? खाली जाड कापड अंथरा, लाकडी चौकटी ठोका, वर विकतची माती. आम्ही पाच वर्षं तशीच मेथी खातोय.

बोअरवाला
उंच_वाफा, तुमच्या परसात ठीक आहे. पंपाच्या जागेवर चौकट ठोकून खालची टाकी जात नाही.

ताई, आधी शुक्रवारच्या सह्या थांबवा. मी वीस वर्षं लोकांच्या जमिनीत भोकं पाडतोय, आणि असल्या फुकटच्या जमिनींनी संस्था बुडालेल्या पाहिल्यात. तपासणी न करता मालकी घेतलीत, तर दुसऱ्याने सांडलेल्याचं बिल तुमच्या नावावर येऊ शकतं. तपासणी खरेदीच्या आधीच हवी. फेडरल कायद्यासाठी 'फेज वन' (तीच ती कागदी तपासणी), जर्सीच्या स्पिल कायद्यासाठी, म्हणजे तेल-रसायनं सांडण्याबद्दलच्या राज्याच्या कायद्यासाठी, 'प्रिलिमिनरी असेसमेंट'. दोन्ही एकाच माणसाकडून एकदम करून घ्या. फेज वनमधल्या मुख्य गोष्टी १८० दिवसांत शिळ्या होतात, म्हणून फार आधीही करून ठेवू नका.

ते पाइप म्हणजे टाक्यांचे व्हेंट, आतली वाफ बाहेर सोडायला. झाकणं बहुधा टाकी भरायच्या तोंडांची. टाक्या अजून खाली असाव्यात.

आता पैसे. पर्यावरण संरक्षण एजन्सीची, म्हणजे ईपीएची, 'टार्गेटेड ब्राऊनफिल्ड असेसमेंट' नावाची सोय आहे (ब्राऊनफिल्ड म्हणजे प्रदूषणाच्या शंकेमुळे पडून राहिलेली जागा). रोख हातात येत नाही, एजन्सीचाच कंत्राटदार येऊन तपासणी करतो. ना-नफा संस्था अर्ज करू शकते, जागा तुमच्या नावावर असायची गरज नाही, मालकिणीने आत येऊ दिलं की झालं. जर्सीचं काम न्यूयॉर्कच्या रीजन २ ऑफिसातून चालतं. फेज वनमध्ये नुसते कागद, जुने नकाशे आणि फेरफटका असतो. फेज टूमध्ये बोअर मारून माती-पाणी लॅबला जातं. दोन्ही यात बसू शकतं.

मोठं अनुदानही आहे, ५ लाख डॉलरपर्यंत. २०१८च्या कायदादुरुस्तीनंतर ते ना-नफा संस्थांनाही खुलं झालं, पण अर्जाची स्पर्धा असते. पाव एकरासाठी त्या वाटेला जाऊ नका.

एक पेच आहे. पंप म्हणजे पेट्रोलियम, त्याची पात्रता वेगळी तपासतात. गळती ज्याने केली तो माणूस सापडतोय आणि त्याच्याकडे पैसेही आहेत, तर सरकार आधी त्याच्याकडेच बोट दाखवतं. पंप कोणी चालवला?

मेथीची_जुडी
सह्या थांबवल्या. आमचे वकील जरा रुसलेत. बाई म्हणतात, त्यांच्या यजमानांनी जागा घेतली तेव्हा पंप बंद पडलेला होता, त्यांनी फक्त टायर विकले. पंपवाली कंपनी कधीच गुंडाळली गेली.

बोअरवाला
मग बरंच सोपं झालं. हेच कागदावर आणा. खरेदीखत काढा, राज्याच्या पर्यावरण खात्याच्या डेटामायनर या वेबसाइटवर पत्ता टाकून टाक्यांची नोंद बघा, सापडली नाही तर 'ओप्रा'खाली, म्हणजे राज्याच्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, फाइल मागा. लायब्ररीत सॅनबॉर्नचे आगविम्याचे नकाशे मिळतील, त्यांत टाक्यांच्या जागाही दाखवलेल्या असतात. आणि ब्रेकच्या दुकानातले सॉल्व्हंट, म्हणजे ग्रीस धुवायची रसायनं, विसरू नका, ते पेट्रोलमध्ये मोडत नाहीत. अर्जात दोन्ही लिहा. अर्ज भरायला नेवार्कच्या एनजेआयटी विद्यापीठातली ब्राऊनफिल्डवाली मंडळी फुकट मदत करतात.

टाऊनहॉलचा_कोपरा
एक विचारतो, गावालाच जागा घेऊ दिली तर? प्रदूषित जागांसाठी राज्याचा एचडीएसआरएफ फंड असतो ना?

बोअरवाला
असतो, तपासणीला चांगला आहे. पण तो नगरपालिकांसाठी, आणि जागा गावाच्या ताब्यात किंवा निदान थकीत कराचं सर्टिफिकेट गावाकडे लागतं. बाई कर भरतायत का?

मेथीची_जुडी
दर तिमाहीला, वेळेवर. पावत्या बिस्किटांच्या डब्यात ठेवल्यात, काल मला दाखवल्या.

बोअरवाला
कर थकलेला नाही, मग आधी ईपीएचा अर्ज. फक्त हे लक्षात ठेवा, यातून तपासणी होते, टाक्या उपसायचे पैसे मिळत नाहीत. ते अहवाल आल्यावर बघू. आणि तोवर तिथे परत खणू नका.

मेथीची_जुडी
नाही खणत. टोमॅटो यंदा माझ्या अंगणातलेच देते त्यांना.